पोरगी नाटक शिकायचं म्हणते

वर्षावासातली गोष्ट. हिंगोलीत आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालतं. त्या दिवशी वाचन संपलं, सरणत्तय झालं, बायाबापडे उठले. एक भाऊ मात्र बसून राहिले. मोंढ्यात हळदीची पोती उचलणारा माणूस. अंगाला, बनियनला, नखांना हळद. शेजारी त्यांची लेक, बी. ए. झालेली. भाऊ म्हणाले, "सर, हिला तुम्हीच सांगा. औरंगाबादला जायचं म्हनते. नाटक शिकायला. नाटकाची डिग्री असती म्हनते."

मी हसलो. मग भाऊंचं तोंड बघून हसू आवरलं.

भाऊंचं म्हणणं तीन वाक्यांचं होतं. पहिलं, "आमच्या आज्यानं बाबासायबाचं ऐकून ढोलकी इहिरीत टाकली. आन् मी पोरीला रंग लावून उभी करू?" दुसरं, "नाटक म्हंजी खोटं वागनं. पंचशील घेतो आपन. मुसावादा वेरमनी म्हनतो." तिसरं, "ज्या इद्यापीठाच्या नावासाठी लोकं जळाले, तिथं जाऊन हिनं सोंगं शिकावं? वकील व्हावं, कलेक्टर व्हावं. चळवळीला त्याची गरज हाय."

मी काय म्हणालो असेन? जे मास्तर लोक म्हणतात तेच. "बाई, आधी बी. एड. कर. नाटक काय, छंद म्हणून करता येतं."

पोरगी शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही खोली भाड्यानं घेताना घरमालकाला कोणतं आडनाव सांगितलं होतं?"

मित्रहो, हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. कारण मी आडनाव सांगितलंच नव्हतं. नाव आणि गाव सांगितलं होतं. मालकानं पुढचं आपल्या सोयीनं समजून घेतलं, मी समजू दिलं. घरात बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत लावला, समोरच्या खोलीत कॅलेंडर. दोन वर्षं. म्हणजे दोन वर्षं मी एक भूमिका वठवली. पाठांतर चोख, एकही वाक्य चुकलं नाही. आणि मीच विहारात बसून त्या पोरीला सांगत होतो की नाटक हा छंद आहे!

*

तर आधी हा प्रश्न नीट मांडू. नाटक शिकणं ही चळवळीची वाट की पळवाट? आणि त्याच्याही आत दुसरा प्रश्न: ज्या माणसाला हजारो वर्षं स्वतः होऊ दिलं नाही, त्यानं दुसरं कुणीतरी व्हायची विद्या का शिकावी?

आपले बापजादे नट होते. तमाशातले म्हणत नाही मी. तमाशा तर होताच. मी गावगाड्यातलं बोलतोय. हातात घुंगराची काठी हा वेश. डोक्यावरचं मुंडासं, पाटलासमोर आलं की काखेत. 'जोहार मायबाप' हे ठरलेलं वाक्य. कुठल्या बाजूनं यायचं, किती अंतरावर थांबायचं, कुठे बसायचं, कुठे नाही, आवाज किती खाली ठेवायचा, नजर कुठे टाकायची, सगळं ठरलेलं. मरणाचा सांगावा कुणी न्यायचा, तेही ठरलेलं. ही संहिता कुणी लिहिली? ज्यानं लिहिली त्यानं स्वतःलाही एक भूमिका दिली: पाटलाची, भटाची, देशमुखाची. फरक एवढाच की त्याला खेळ संपला की वाड्यात जाता येई. आपला पडदा पडतच नव्हता. जन्मल्यापासून मढं उचलेपर्यंत एकच अंक.

इथं मला पहिली गोष्ट कळते. जी भूमिका उतरवून ठेवता येते ती कला. जी उतरवता येत नाही ती गुलामी. जात म्हणजे न उतरवता येणारं सोंग. त्यावर धर्माची मोहर मारली की ते सोंग न वाटता चामडी वाटायला लागतं. १९२७ ला महाडला आणि १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी काय केलं? आपल्याला दाखवून दिलं की ही चामडी नाही, हा वेश आहे, काढता येतो. लोकांनी काढला.

मग ज्या पोरीला हे वेशाचं शास्त्र शिकायचंय, माणूस कसा उभा राहतो, कुणापुढं कसा वाकतो, आवाज कुठून काढतो, कधी गिळतो हे शिकायचंय, ती आपल्यापासून लांब जातेय की आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे जातेय?

*

पण घाई नको. भाऊंचं दुसरं वाक्य सोपं नाही. मुसावादा.

संयुत्त निकायात तालपुट नावाच्या नटांच्या नायकाची गोष्ट आहे. तो बुद्धाकडे येतो आणि विचारतो: आमचे जुने नटगुरू सांगत आलेत की जो नट रंगमंचावर खऱ्याखोट्यानं लोकांना हसवतो, रिझवतो, तो मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जातो, आपलं काय म्हणणं? बुद्ध म्हणतात, हे विचारू नकोस. तो पुन्हा विचारतो. तिसऱ्यांदाही विचारतो. मग बुद्ध सांगतात त्याचा आशय असा: लोक आधीच लोभ, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले असतात. नट तेच आणखी भडकवतो. स्वतः बेभान होतो, दुसऱ्याला बेभान करतो. त्याची गती देवलोक नव्हे, नरक. तालपुट रडतो. बुद्धानं कठोर सांगितलं म्हणून रडत नाही. गुरूंनी इतकी वर्षं फसवलं म्हणून रडतो. पुढं तो भिक्खू होतो, अर्हत होतो. त्याच्या गाथा थेरगाथेत आहेत.

स्वर्गनरकाचा भाग आपण बाजूला ठेवू. उरतं ते काय? बुद्धानं तालपुटाला 'तू खोटं बोलतोस' असा दोष दिला नाही. दोष दिला तो भडकवण्याचा, बेभान करण्याचा. म्हणजे नाटकाची कसोटी खऱ्याखोट्याची नाही. कसोटी ही की त्यानं माणसातला लोभ, द्वेष, मोह वाढतो की विझतो. माणूस जागा होतो की झिंगतो.

आणि ही कसोटी घेऊन जरा आपल्या अंगणात या. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर आपली पोरं काय करतात? गाणं भीमाचं, ठेका कशाचाही. तिथं कुणी नाट्यशास्त्र शिकलेलं नाही, डिग्री नाही, पण तालपुट तिथं आहे. भाऊंनी त्याला कधी अडवलं नाही. मीही नाही. पोरीला अडवायला मात्र आम्ही दोघं बसलो.

मग खोटं कशाला म्हणायचं? रंगमंचावर उभी राहून पोरगी म्हणाली, 'मी या गावची पाटलीण', तर समोर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं की ती नाही. कुणी फसत नाही. दोन्ही बाजूंनी मान्य केलेलं ते खोटं असतं, म्हणून त्यातून खरं बोलता येतं. घरमालकाशी मी बोललो ते वेगळं. त्याला ठाऊक नव्हतं. तिथं शील मोडलं. आता कुणी म्हणेल, मालकानं जात बघून खोली दिली असती तर त्याचं पाप मोठं. मोठंच आहे. पण त्याच्या पापानं माझा हिशेब मिटत नाही. दोन वर्षं ते खोटं मलाच कुरतडत होतं. पोरगी रंगमंचावर जे करणार त्यापेक्षा मी दाराच्या चौकटीत जे केलं ते जास्त नाटकी होतं.

*

आता पहिलं वाक्य: ढोलकी विहिरीत टाकली.

याचा अपमान करू नका. कुणी जुनाट म्हणून हसू नका. महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं होतं आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं, असं चरित्रकारांनी नोंदवलंय. आपल्या बाया नाचवून मिळवलेला पैसा चळवळीला नको, ही त्यामागची जिद्द. भाऊंच्या आज्यानं ढोलकी टाकली ती याच जिद्दीनं. त्या ढोलकीला आपल्याच आयाबहिणींच्या लाजेचं चामडं लावलेलं होतं.

पण त्याच चळवळीनं १९३० च्या दशकात जलसे उभे केले, हेही विसरू नका. भीमराव कर्डकांसारखी माणसं गावोगाव फिरली. तमाशाचाच साचा, पण गणेशाचं स्तवन गेलं, गवळण गेली, त्या जागी शाळा आली, मेलेलं ढोर ओढू नका हे आलं, पाण्याचा हक्क आला. पुढं वामनदादा कर्डकांनी सारा महाराष्ट्र पायाखाली घातला. म्हणजे बाबासाहेबांच्या माणसांनी कला नाकारली नाही. कलेतली विक्री नाकारली. कुणाच्या हुकमावरून, कुणाच्या सुखासाठी आणि कुणाचं शरीर, हे तीन प्रश्न विचारले आणि मग ढोलकी परत हातात घेतली.

आणि औरंगाबादलाच, १९५० ला निघालेल्या मिलिंद महाविद्यालयात, प्राचार्य म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' लिहिलं. ते मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर केलं. घटना लिहिलेला माणूस प्रेक्षकांत बसलाय आणि पोरं समोर नाटक करताहेत! भाऊ, त्या दिवशी बाबासाहेब उठून 'वकील व्हा' म्हणून निघून गेले नाहीत. बसून राहिले, बघितलं.

मग प्रश्न उरतो मुलीचा. पोरगा असता तर भाऊ एवढे अडले असते का? खरं सांगा. आपल्या मनात अजून पोरीचा रंगमंच म्हणजे बोर्ड, बोर्ड म्हणजे तमाशा, तमाशा म्हणजे पाटलाची शिट्टी. हे भय खोटं नाही. त्याला इतिहास आहे. पण त्या इतिहासाचं ओझं पुन्हा पोरीनंच का वाहायचं? शिट्टी मारणाऱ्याला कुणी अडवलं नाही, म्हणून नाचणारीला कोंडलं. आपणही तेच करायचं?

*

कुणी म्हणेल, जलसाकारांनी कुठलं विद्यापीठ पाहिलं होतं? मग हिला कशाला?

याचं उत्तर जोतिरावांकडे आहे. विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' सांगलीच्या दरबारात १८४३ ला झालं. मराठी नाटकाचा इतिहास तिथून सांगतात. त्यानंतर बारा वर्षांनी, १८५५ ला, जोतिरावांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. गरोदर कुणबिणीला आणि तिच्या नवऱ्याला जोशी कसा नाडतो, याची गोष्ट. त्यांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीला दिलं. कमिटीनं नाकारलं. ते छापून लोकांच्या हातात आलं १९७९ ला. एकशे चोवीस वर्षं! नाटक लिहिणारा होता, नाटक होतं, बघणारे लोक होते. नव्हती ती कमिटीतली खुर्ची, छापखाना, थिएटर, अभ्यासक्रम. कुठलं नाटक पहिलं, कुठलं थोर, कुठलं 'प्रचारकी', हे जिथं ठरतं ती जागा आपली नव्हती. विद्यापीठ म्हणजे ती जागा. नुसतं तोंड रंगवायला तिथं जात नाहीत.

आणि ती जागा आता अगदीच परकी नाही. सत्तरच्या दशकात कमलाकर सोनटक्क्यांनी औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग उभा केला. त्याच विभागात रुस्तुम अचलखांब शिकवत होते; तमाशाच्या लोकरंगभूमीवर त्यांनी पुस्तक लिहिलं, 'गावकी' लिहिलं. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातले दत्ता भगत तिथं प्राध्यापक झाले. त्यांचं 'वाटा-पळवाटा' ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे: काका, प्राध्यापक सतीश, तरुण अर्जुन, तीन पिढ्या एका घरात भांडतात आणि कुणालाच लेखक सोपा विजय देत नाही. आपल्या बैठकांत जे भांडण खुर्च्या फेकून संपतं ते त्यांनी दोन-अडीच तास मांडून दाखवलं. याला विद्या लागते. नुसती तळमळ पुरत नाही.

राहिलं नावाचं. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. शेजारी नांदेडात पोचिराम कांबळेंना जाळलं. १९९३ ला गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ निघालं, आणि आज आपली कॉलेजं त्याच्याखाली येतात. तिथंही ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. जवळ आहे, स्वस्त पडतं. पण पोरगी म्हणते औरंगाबादच (त्या गावाचं नाव आता छत्रपती संभाजीनगर). का? तर, "माझ्या डिग्रीवर बाबासाहेबांचं नाव पाहिजे." भाऊ म्हणाले लोकं जळाले तिथं सोंग नको. ती म्हणते लोकं जळाले म्हणूनच तिथं. दोघांचं दुःख एकच आहे, म्हणून मला मध्ये बोलणं जड गेलं. पण माणसं नावासाठी लढली ती काय फक्त वकिलीच्या डिग्रीवरच्या नावासाठी? विद्यापीठातली एक इमारत आपली आणि एक 'त्यांची', अशी वाटणी त्यांनी केली नव्हती.

*

तिथं गेल्यावर तिला काय शिकावं लागेल, हेही भाऊंना आणि तिला सांगितलं पाहिजे. भरताचं नाट्यशास्त्र वाचावं लागेल. ते म्हणतं, वेद शूद्रांना ऐकवायचे नाहीत म्हणून ब्रह्मदेवानं सगळ्या वर्णांसाठी हा पाचवा वेद केला. ऐकायला बरं वाटतं. पुढं वाचा. पहिलं नाटक कशावर? देवांनी दैत्यांचा पराभव केला त्यावर. प्रेक्षकांत दैत्यही बसलेले. आपल्याच पराभवाचा तमाशा बघून ते चिडले, प्रयोग बंद पाडला. तर इंद्रानं ध्वजाची काठी उचलून त्यांना झोडपलं, आणि ती काठी रंगभूमीवर पूज्य झाली! मग नाट्यगृह बांधायचं ठरलं. चार वर्णांचे चार खांब: ब्राह्मणाचा पांढरा, क्षत्रियाचा तांबडा, वैश्याचा पिवळा, शूद्राचा निळा. पाचवा खांब नाही. पायाभरणीच्या वेळी पाखंडी आणि काषाय वस्त्रवाले यांना हाकलून द्या, असंही लिहिलंय. काषाय वस्त्र कुणाचं ते तुम्हाला सांगायला नको. आणि शेवटी? भरताच्या पोरांनी ऋषींची टिंगल केली म्हणून ऋषींनी शाप दिला: तुम्ही शूद्र व्हाल. ऋषींची नक्कल केली की माणूस शूद्र होतो, हे शास्त्रानंच लिहून ठेवलंय. नक्कल किती धोक्याची असते हे त्यांना आपल्या आधी कळलं होतं!

आपल्या हिंगोलीचा दसरा दीडशे वर्षांहून जुना. रामलीला मैदानावर रावण उभा राहतो, जळतो, गाव टाळ्या वाजवतं. त्याच दिवशी आपण विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा करतो. एका गावात एका दिवशी दोन प्रयोग. तिकडच्या प्रयोगात जळणाऱ्याला एकही वाक्य बोलता येत नाही. नाट्यशास्त्रातल्या त्या दैत्यांसारखं. पोरीला हे शिकून एवढं जरी विचारता आलं की जळणाऱ्याचं म्हणणं काय, तरी फी वसूल झाली.

म्हणून हे वाचायचं का? वाचायचंच. मनुस्मृती जाळणाऱ्यानं ती आधी पानन् पान वाचली होती. आणि सोबत हेही वाचायचं की संस्कृत नाटकाचे सगळ्यांत जुने हाती लागलेले तुकडे अश्वघोषाचे आहेत, सारिपुत्ताच्या धम्मदीक्षेवरचे, मध्य आशियात तुर्फानला सापडलेले. काषाय वस्त्रवाल्यांना दाराबाहेर काढलं, पण वाळूत उरलं ते त्यांचंच.

अजून एक धोका. तिथं तिची वाणी 'शुद्ध' करतील. पानी नको, पाणी म्हण. म्हनते नको, म्हणते म्हण. शिकावं का? मी म्हणतो, शिकावं. 'ण'सुद्धा एक वेश आहे. तो घालता यावा आणि काढताही यावा. फक्त घरी येऊन आईच्या 'पानी'ला हसली, तर समजावं की वेश चामडीला चिकटला. प्रेमानंद गज्वींच्या 'घोटभर पाणी'तलं पाणी ण नं म्हटलं काय, न नं म्हटलं काय, ते विहिरीवर मिळतं का एवढाच सवाल आहे.

रशियाच्या स्तानिस्लावस्कीनं नटाला एक शब्द दिला: जर. जर मी त्याच्या जागी असतो तर? विचार करा, जात म्हणजे हा 'जर' कधीच न विचारण्याची सोय. पाटलाच्या पोरानं यल्लम्माच्या जोगतिणीचं काम करावं, आपल्या पोरीनं पाटलिणीचं. करू द्या दोघांना. पण भाबडे होऊ नका. तो आपलं दुःख दोन तास अंगावर घेऊन टाळ्यांसकट वाड्यात परत जाईल. एवढ्यानं समता येत नाही. जर्मनीच्या ब्रेख्तनं म्हणूनच सांगितलं की भूमिकेत बुडून जाऊ नका, ती बाहेरून दाखवा. हे असंच आहे असं नाही, वेगळंही होऊ शकतं, हे प्रेक्षकाला दिसलं पाहिजे. आपल्या भाषेत, सोंग हे सोंग म्हणून दाखवा. मग ते काढायची इच्छा होते.

*

आपल्या जिल्ह्यातल्या औंढ्याची कथा सगळ्यांना पाठ आहे. नरसीच्या नामदेवाला देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, मागं हाकललं. तो मागं उभा राहून गायला आणि देऊळ फिरलं. देव फिरले यावर माझा विश्वास नाही. पण ज्यानं कथा रचली त्याला एक गोष्ट ठाऊक होती: मागची बाजू कुठली आणि पुढची कुठली, हे देऊळ ठरवत नाही; गाणारा कुठं उभा आहे त्यावरून ठरतं. फक्त कथेत देऊळ आपोआप फिरतं. इथं फिरवावं लागतं, आणि त्याला पिढ्या लागतात.

आता पोटाचं. भाऊंनी हे शेवटी, हळू आवाजात विचारलं, "आन् शिकून खाईल काय?" याचं उत्तर माझ्याकडं नाही. नाटक शिकलेल्या पोरीला नोकरी मिळेल असं मी लिहून देऊ शकत नाही. बी. एड. झालेल्यांनाही मिळत नाही, हे खरं असलं तरी ते उत्तर नव्हे. पोत्याखाली वाकलेल्या बापाला 'कला ही भाकरीहून मोठी' असं सांगणारा माणूस एक तर पोटभर जेवलेला असतो किंवा खोटारडा. मी एवढंच म्हणतो की ही जोखीम पोरीची एकटीची असू नये. वस्तीनं वकिलाच्या शिक्षणाला वर्गणी काढली तशी हिच्या मेसला काढावी. आपण जलशाला धान्य देत होतो. ती रीत आपलीच आहे.

भाऊ त्या रात्री 'बघू' म्हणून उठले. अर्जाला अजून थोडे दिवस आहेत. येत्या रविवारी मी त्यांच्या घरी जाणार आहे. पण जायच्या आधी एक काम माझ्याकडं राहिलंय. त्याशिवाय त्या पोरीसमोर बसायला तोंड नाही. दारावर लावायला नावाची पाटी रंगवायला टाकलीय. पूर्ण नाव, आडनावासकट. बाबासाहेबांचा फोटो समोरच्या खोलीत आणलाय. मालक काय म्हणतो ते पुढच्या अंकात कळवीन.

तुमच्या वस्तीत अशी पोरगी असेल तर तुम्ही काय सांगितलं, ते लिहून पाठवा. माझ्या विरोधात असलं तरी पाठवा.

जय भीम.